डिटेक्टरने वावरात मिळालेली नाणी: काय ठेवायचं, काय कळवायचं, काय धुवायचं?

पेंचकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रामटेक तालुक्यात मामांचं साडेतीन एकर वावर आहे. तूर निघाल्यावर त्यांच्या परवानगीने तिथे मेटल डिटेक्टर फिरवला. तीन दिवसांत निघालं ते असं:

तांब्याची जाड, वेडीवाकडी १९ नाणी. काहींवर ‘छत्र’ आणि ‘पति’ वाचता येतं, बाकीच्यांवर फारसीसारखी अक्षरं. चांदीचे दोन रुपये, १८८५ आणि १९१८ सालचे. ॲल्युमिनियमची दहा-वीस पैशांची नाणी मूठभर. सोन्याची बारीक अंगठी, आतून ‘केडीएम’ असा ठसा. आणि धुऱ्याजवळ राखाडी रंगाची चार लहान नाणी, सात-आठ इंच खोल, एकमेकांपासून दोन पावलांच्या आत. त्यांच्या एका बाजूला हत्ती आहे, दुसऱ्या बाजूला चार गोल फुलीने जोडल्यासारखे दिसतात.

विचारायचं असं की यातलं सरकारला काय कळवावं लागतं? तांब्याच्या नाण्यांवर हिरवं चढलंय, ते काढायचं कसं? वावर मामांचं, पण यंदा बटईने दुसऱ्याकडे आहे, मग हक्क कोणाचा? आणि इतवारीत सराफाला दाखवून भाव काढला तर चालेल का?

सातबारा_३२ (उत्तर)

पेंचकाठ भाऊ, आधी धुऱ्याजवळचं खोदणं थांबवा. बाकी सगळं त्यानंतर.

या विषयाचा मुख्य कायदा भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. त्यातली ‘निधी’ची व्याख्या फार रुंद आहे: जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, लपवलेली कोणतीही मौल्यवान वस्तू. सोनंच हवं किंवा हंडाच हवा असं कुठेही नाही. किमतीची मर्यादा दहा रुपये. आकडा १८७८ चा आहे, पण कायद्यात अजून तोच आहे, म्हणून ‘किरकोळ आहे, कशाला कळवायचं’ ही पळवाट राहत नाही.

कलम ४ प्रमाणे सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. त्यात तीन गोष्टी लागतात: वस्तू काय आणि किती, अंदाजे किंमत धरून, कुठे सापडली, कोणत्या तारखेला सापडली. सोबत दोनपैकी एक करायचं. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करू अशी जिल्हाधिकाऱ्यांना मान्य होईल ती हमी द्यायची. तलाठ्याला तोंडी सांगितलं, पोलीस पाटलाच्या कानावर घातलं, एवढ्याने कलम ४ पुरं होत नाही. त्यांना जरूर सांगा, पण अर्ज नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक कक्षात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. पुढे काहीही वाद झाला तर ती पोच हाच तुमचा पुरावा.

न कळवल्यास कलम २० लागतं. तुमच्या वाट्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. वस्तूची ओळख लपावी म्हणून तिच्यात फेरफार केला, म्हणजे वितळवली, कापली, घासून अक्षरं घालवली, तरी हेच कलम. सराफाकडे टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायला जाऊ नका, त्याचं एक कारण हे. टंच काढताना कस लावतात, कडेला कानस मारतात, आणि भाव शेवटी वजनावरच सांगतात.

आता तुमच्या यादीकडे. ॲल्युमिनियमचे पैसे म्हणजे कोणाच्या तरी खिशातून पडलेली चिल्लर. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती मामांना द्या, विषय संपला. अंगठीवर केडीएमचा ठसा आहे म्हणजे ती गेल्या काही दशकांतली. तो निधी नाही, ती हरवलेली वस्तू आहे. गावात आणि बटईदाराच्या घरी विचारा, पोलीस पाटलांना सांगा, कोणी पुढे आलं नाही तर ठाण्यात लेखी द्या. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता सापडलेली वस्तू ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं.

दोन रुपये आणि १९ तांब्याची नाणी वावरभर एकेक विखुरलेली मिळाली असतील, तर ती ‘लपवलेली’ की नुसती ‘हरवलेली’ असा वाद घालता येतो. माझं मत स्पष्ट आहे: तो निवाडा आपण आपल्याच बाजूने करू नये, अर्जात सगळी लिहावीत. एका पानाचा प्रश्न आहे. आणि ती चार राखाडी नाणी तर कळवायलाच हवीत.

जुनं_तांबं (उत्तर)

वरचं सगळं बरोबर. मी नाण्यांबद्दल लिहितो, कारण कळवण्याच्या आधीच्या दोन दिवसांत जास्तीत जास्त नुकसान मोरीत होतं.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून, म्हणजे एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला फुलीने जोडलेले चार गोल, ती चार नाणी सातवाहनांची पोटिनची असण्याची दाट शक्यता आहे. त्या चार गोलांच्या चिन्हाला ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात. पोटिन म्हणजे तांब्यात भरपूर कथील आणि बऱ्याचदा शिसं मिसळलेला धातू. तो ठिसूळ असतो. फरशीवर पडलं तर नाणं बिस्किटासारखं तुटतं. बोटांनी वाकवून बघू नका, ब्रश लावू नका. माती तशीच ठेवा, कारण हत्तीच्या वरच्या बाजूने कडेला राजाचं नाव ब्राह्मीत असतं आणि बऱ्याच नाण्यांवर त्यातली तीन-चारच अक्षरं उरलेली असतात.

त्या अक्षरांचं मोल किती, ते वऱ्हाडातल्याच उदाहरणावरून कळेल. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटिन नाण्यांचा मोठा साठा निघाला, दीड हजारांच्या आसपास. प्राचीन लेख आणि नाण्यांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी तो वाचला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं पुढे आली, जी पुराणांच्या यादीत नाहीत. साठा फुटून भंगारात गेला असता तर ही नावंही गेली असती. चार नाणी म्हणजे साठा नव्हे, हे कबूल. पण दोन पावलांत चार सापडली, म्हणजे एखादं मडकं नांगराने फुटून विखुरलेलं असू शकतं.

तांब्याची १९: ‘छत्र पति’ वाचता येतं ती शिवराई. पुढच्या बाजूला ‘श्री राजा शिव’ असतं. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईच्या काळातली. फारसी अक्षरांची आहेत ती लगेच मोगली समजू नका. नागपूरकर भोसल्यांच्या टांकसाळीतली नाणीही मोगल बादशहाच्या नावाने, फारसीतच पडत. ओळख पटेपर्यंत कागदावर ‘फारसी लेख, अवाचित’ एवढंच लिहा.

रुपये वजनाने तपासा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. १८३५ पासून रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ पासून निकेलचा रुपया. वापरून झिजलेला असेल तर ११.३ ते ११.५ पर्यंत वजन चालतं. साडेदहा भरला किंवा चुंबकाला चिकटला तर नकली. १९१८ चा रुपया प्रचंड संख्येने पाडलेला आहे, त्यामुळे तो बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या जवळपासच जातो.

आता हिरवं. दोन प्रकारचं हिरवं असतं आणि त्यात फरक करता आला पाहिजे. गडद, गुळगुळीत, नाण्याला घट्ट धरून बसलेलं असेल तर ते संरक्षक कवच आहे, त्याला हात लावू नका. फिकट, पोपटी, पिठासारखं, टोकाने उकरलं की झडणारं असेल तर तो ताम्ररोग. मातीतल्या क्षारांमुळे तांब्यात क्लोराइड शिरलेलं असतं. हवेतली ओल आणि प्राणवायू मिळाला की त्याचं आम्ल बनतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, असं चक्र चालू राहतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की हे वेग घेतं. नागपूरच्या उन्हाळ्यात नाणं शांत बसतं आणि जुलैत डब्यातल्या डब्यात पोखरलं जातं, ते यामुळेच.

ओळखायला सोपी चाचणी आहे. संशय असलेलं एखादं तांब्याचं नाणं झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी ओल्या कापसाचा बोळा, नाण्याला टेकू न देता. चोवीस तासांत नवे पोपटी ठिपके उठले तर रोग चालू आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही नको. आम्लाने कवच जातं, नाणं गुलाबी-लाल दिसू लागतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि ते परत आणता येत नाही. चांदीलाही तेच. बाजारातलं चांदी चमकवणारं द्रावण वरचा थर खातं.

फार तर इतकं करा, तेही फक्त त्या १९ वर आणि फोटो काढून झाल्यावर: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी काचेच्या वाटीत घ्या, एका वाटीत एकच नाणं, एक दिवस भिजवा, पाणी बदला, असं तीन-चार वेळा. सुटेल ती माती बांबूच्या काडीच्या टोकाने, भिंगाखाली. सावलीत, पंख्याखाली, टिपकागदावर वाळवा. राखाडी चारांना मात्र पाणी दाखवू नका. त्यात शिसं असेल तर डिस्टिल्ड पाणी शिशाला चावतं. शिशाच्या नाण्यावर पांढरी पूड दिसली तर ती विषारी असते. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा, लहान मुलांपासून लांब.

ठेवायला सागवानी पेटी किंवा प्लायचं कपाट नको. लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि शिसं महिन्यांत पांढरं पडतं. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यातून नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, प्रत्येक नाणं वेगळ्या छोट्या पिशवीत, पिशवीला सुईने चार भोकं, आणि डब्यात सिलिका जेल. निळ्या मण्यांचं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळं होतं, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. नारंगी मण्यांचं मिळालं तर तेच घ्या.

काळीमाती (उत्तर)

दोघांच्याही उत्तरात जागेची नोंद मागे पडली, म्हणून लिहितो. नाणं कोषागारात गेल्यावर ते कोणीही, कधीही वाचू शकतं. ते वावरात कुठे होतं हे फक्त पेंचकाठ भाऊंना माहीत आहे, आणि आठवडाभराने त्यांनाही नीट सांगता येणार नाही.

त्यामुळे आजच्या आज करा. मोबाइलवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश, दशांशानंतर किमान पाच आकडे. गट नंबर, आणि दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजलेलं अंतर, उदाहरणार्थ विहिरीचा काठ आणि धुऱ्यावरची बाभूळ. मोबाइलचं स्थान पाच-दहा मीटर इकडेतिकडे जातं, टेप जात नाही. खोली जमिनीच्या वरच्या पातळीपासून, सेंटिमीटरमध्ये. पिशवीत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. शाई ओलीने पसरते. खड्ड्याचा फोटो पट्टी ठेवून, मग खड्डा त्याच मातीने हलका भरून घ्या, दाबू नका.

खोलीवरून वय ठरवू नका, निदान आपल्या काळ्या मातीत तरी नाही. उन्हाळ्यात तिला दोन-तीन फुटांच्या भेगा पडतात, वरच्या वस्तू आत जातात, पावसात माती फुगते आणि भेग मिटते. त्यामुळे १९५७ चा नया पैसा हातभर खाली आणि शिवराई नांगराच्या थरात, असं उलटंसुलटं सहज होतं. ती चार नाणी जवळजवळ आणि एकाच खोलीवर होती, हे म्हणूनच महत्त्वाचं.

त्या जागेवर परत डिटेक्टर फिरवायचा तर फिरवा, पण वरून, न खोदता. आवाज आला तिथे फक्त काडी रोवा. काड्यांचा पुंजका दिसला तर साठ्याची शक्यता पक्की धरा आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आणि उत्खनन शाखा दोन्ही नागपुरात आहेत, राज्य पुरातत्त्व विभागाचंही कार्यालय आहे. मडकं उघडं पडलंच तर आतली नाणी उपसू नका. नाण्यांचा क्रम, तळाशी काय आणि वर काय, कापडाचे धागे, हे सगळं मडक्यात असतानाच वाचता येतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. कोणी कोणाचं राज्य घेतलं हे त्यातून सिद्ध झालं. निवडक चमकदार पाच-पंचवीस नाणी तेवढी हाती आली असती तर हे प्रमाण कळलंच नसतं.

डिटेक्टरच्या सेटिंगबद्दलही सांगतो. पडद्यावरचा आकडा मुख्यतः धातूची वाहकता आणि आकार सांगतो. चांदीचा रुपया, जाड शिवराई वरच्या आकड्यांवर येतात. पोटिन, शिसं, बारीक सोन्याची अंगठी खाली येतात, खर्रा-गुटख्याच्या पुडीच्या चंदेरी कागदाच्या शेजारी. कचरा नको म्हणून खालचे आकडे बंद केले की सातवाहन नाणी आपोआप बंद होतात. लोखंड तर सगळेच बंद ठेवतात. विदर्भात ते चूक आहे: नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली आहे, माहुरझरी-जुनापाणीच्या शिळावर्तुळांत लोखंडी अवजारं निघाली आहेत. इथे लोखंडाचा पुंजका हीसुद्धा खबर आहे.

त्यावरूनच एक कळकळीची विनंती. गोल मांडलेले मोठे दगड दिसले तर तिथे डिटेक्टर नेऊच नका. ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत, आणि बरीच वर्तुळं फलक नसलेल्या पडीक जमिनीत आहेत. मनसर, नगरधन, रामटेकचा गड, कुही तालुक्यातलं अडम ही प्राचीन स्थळंसुद्धा वर्ज्य. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहेच. तुमचं वावर मनसरच्या जवळ असेल तर संरक्षित हद्द कुठपर्यंत आहे हे मंडळ कार्यालयात गट नंबर देऊन विचारून घ्या. अंबाळा तलावाच्या घाटावर लोक अस्थी आणि श्राद्धाचं सोडतात, तिथलं काढू नये.

पेंचकाठ

सर्वांचे आभार. धुऱ्याजवळ काड्या रोवल्या, अजून सहा ठिकाणी आवाज आहे, खोदलं नाही. आता दोनच शंका. मामा, बटईदार आणि मी, यात वाटणी कशी? आणि अर्ज नेमका कसा लिहायचा?

सातबारा_३२

अजून सहा आवाज म्हणजे आता अर्जाला उशीर नको. उद्याच द्या.

पुढे काय होतं ते असं. अर्ज आल्यावर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना बोलावतात. ती तारीख सूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे नसते. जागेच्या ताबेदाराला वेगळी नोटीस जाते. त्या दिवशी जो हजर राहत नाही त्याचा हक्क जातो, म्हणून मामांना तारीख नीट लिहून द्या. चौकशीत निधी शंभर वर्षांच्या आत कोणी पुरला होता आणि त्याचा वारस हजर आहे असं दिसलं, तर दिवाणी दाव्यासाठी वेळ देतात. तसं नसेल तर निधी बेवारस ठरतो. त्या निर्णयावर दोन महिन्यांत अपील करता येतं.

वाटणी: जागेचा मालक म्हणून एकच जण पुढे आला आणि तुमचा त्याला आक्षेप नसेल, तर आधीचा करार असल्यास कराराप्रमाणे, नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, उरलेला पाव मालकाला. मालक म्हणून कोणीच दावा केला नाही तर सगळं सापडणाऱ्याला. मामा आणि बटईदार दोघांनीही मालक म्हणून दावा केला, तर जिल्हाधिकारी कार्यवाही थांबवतात, निधी स्वतःकडे ठेवतात, आणि महिन्याभरात दिवाणी न्यायालयात जावं लागतं. चार नाण्यांसाठी कोर्टाची पायरी नको. आजच तिघांनी बसून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की मालक म्हणून मामा दावा करतील आणि बटईदाराला त्यांच्या हिश्शातून अमुक मिळेल. पीक उभं असताना वावर खणलं तर नुकसान बटईदाराचं होतं, तेही त्यात लिहा.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. सरकारला निधी हवा असेल तर कलम १६ प्रमाणे धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. दुर्मीळतेचा भाव त्यात धरत नाहीत. पोटिनच्या चार नाण्यांची धातूची किंमत चहाच्या कपाएवढीही भरणार नाही. हे मला स्वतःला अन्यायाचं वाटतं, आणि लोक कळवत नाहीत त्याचं मोठं कारण हेच आहे. तरी कायदा आज असा आहे.

अर्जाचा मजकूर:

प्रति, मा. जिल्हाधिकारी, नागपूर.
विषय: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, कलम ४ अन्वये सूचना.
मौजे ____, ता. रामटेक, गट नं. ____, खातेदार ____ यांच्या शेतात खातेदाराच्या परवानगीने दि. ____ ते ____ या काळात मला खालील वस्तू सापडल्या. (१) राखाडी धातूची नाणी ४, एकूण वजन ____ ग्रॅम, खोली ____ सेंमी. (२) तांब्याची नाणी १९, एकूण वजन ____ ग्रॅम. (३) चांदीचे रुपये २, सन १८८५ व १९१८, वजन ____ ग्रॅम. अंदाजे धातुमूल्य ____ रुपये. क्र. १ च्या जागेजवळ आणखी सहा ठिकाणी धातूचे संकेत मिळाले असून तेथे खोदकाम केलेले नाही. पुरातत्त्व विभागामार्फत पाहणी व्हावी. वस्तू कोषागारात जमा करण्यास / आपण ठरवाल ती हमी देण्यास तयार आहे. सोबत: सातबारा, जागेचा नकाशा, प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो, ओळखपत्राची प्रत.

प्रत तहसीलदार आणि पुरातत्त्व कार्यालयाला. कोषागारात जमा करताना नग आणि वजन पावतीवर लिहून घ्या. ‘एक पाकीट, सीलबंद’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका.

जुनं_तांबं

विक्रीचं राहिलं. नाणी तुमच्या नावावर मोकळी झाली तरी शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे त्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून विकायचंच तर परवानाधारकालाच, पावती घेऊन. परदेशी तर पाठवताच येत नाही. तिकडच्या ग्रेडिंग कंपनीला तपासायला टपालाने पाठवणंही त्यातच येतं.

मोबाइलवर ‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ म्हणून फोन येतील, त्यांना आधी ‘नोंदणी फी’ किंवा ‘जीएसटी’ हवा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की अशा व्यवहारात बँक नाही आणि ती कोणतंही कमिशन घेत नाही. आणि पुढेमागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मागे रामदरबार असं नाणं सापडलं तर हुरळू नका. कंपनीने तसं नाणं कधी पाडलं नाही, ते यात्रेत विकले जाणारे बिल्ले आहेत.

वाचून घ्यायचं असेल तर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, दोन्ही जवळ आहेत. आधी फोटो दाखवा, नाणी नको. फोटो दिव्याखाली सरळ काढू नका. खोली अंधारी करून टॉर्च बाजूने, नाण्याला जवळजवळ आडवा धरा, आणि टॉर्च चार दिशांना फिरवत चार फोटो घ्या. झिजलेली ब्राह्मी त्यातल्या एखाद्यातच उमटते.